दोष स्क्रूचा नव्हता

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या भाच्याचं. तो मूळचा जालन्याचा. इंजिनिअरिंग संभाजीनगरला केलं आणि आता बरीच वर्षं टेक्सासात नोकरी करतो. त्याचं नाव, गाव, कंपनी इथे सांगत नाही, भाचा म्हटलं की पुरे. मी वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये 32 वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा टूलरूमला. बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. पण पंच, डाय, गेज आणि 'साहेब, सेटिंग हललं' हे वाक्य यांच्यात जन्म गेला. या प्रकरणात तेच कामाला आलं.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर भाच्याने नेमबाजीचा क्लब धरला. त्याआधी ते शक्य नव्हतं. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथला केंद्रीय कायदा, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूकही बाळगू देत नाही आणि काडतूसही. क्लबात 9 मिमीचं पिस्तूल. दर शनिवारी दीडशे-दोनशे काडतुसं उडवायची म्हणजे खर्च आला. तिथले शौकीन लोक मग वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात. स्वतःपुरतं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. भाच्याने गॅरेजमध्ये पाच ठाण्यांचा हाताचा प्रेस बसवला.

हा प्रेस आमच्या प्रोग्रेसिव्ह टूलचा, म्हणजे पत्र्याची पट्टी पुढे सरकते आणि ठाण्याठाण्याने तिच्यावर काम होतं त्या टूलचा, धाकटा भाऊ. खाली गोल प्लेट, तिच्यात पाच पुंगळ्या. दांडा ओढला की प्लेट वर जाते आणि पाचही ठिकाणी एकदम काम होतं. पहिल्या ठाण्यावर जुना प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी बुडातली टोपी, निघतो आणि फुगलेली पुंगळी मापात येते, दांडा परत ढकलताना नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर पुंगळीचं तोंड किंचित फाकतं आणि पावडर पडते. तिसऱ्यावर माणूस वाकून पावडर डोळ्याने बघतो. चौथ्यावर गोळी बसते. पाचव्यावर फाकलेलं तोंड परत मिटतं, त्याला क्रिंप म्हणतात.

इथे मध्येच एक सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांत उत्साही मंडळी असतात. आपल्याकडे हे करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात. विनापरवाना बनवण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय 9 मिमी ही आपल्या नागरिकांसाठी निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं माप. पावडर किती घालायची याचा आकडाही या लेखात नाही. तो गोळी आणि पावडर बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचा असतो.

अडचण

आधी भाचा 124 ग्रेनची, म्हणजे साधारण आठ ग्रॅमची, तांब्याचं कवच असलेली गोल नाकाची गोळी भरायचा. वर्षभर एक तक्रार नाही. मग त्याने स्वस्त पडते म्हणून शिशाची, वरून लाल कोटिंग केलेली, चपट्या नाकाची गोळी घेतली. वजन तेच. जाडी मात्र 0.355 इंचाऐवजी 0.356, एक थाऊ जास्त. दोन हजार नगांची पेटी आली आणि 240 काडतुसं एका बैठकीत भरून झाली.

शनिवारी क्लबात सातवं-आठवं काडतूस नळीत अर्ध्यावर अडकलं. पिस्तूल ना मिटे ना उघडे. तिथल्या देखरेख करणाऱ्या माणसाने ते सोडवून दिलं आणि भाच्याला घरी पाठवलं, हे त्याने बरंच केलं.

घरी येऊन भाच्याने पिस्तुलाची नळी वेगळी काढली आणि एकेक काडतूस तिच्यात सोडून पाहिलं. चांगलं काडतूस आपल्या वजनाने 'टुक' आवाज करून तळाला बसतं, बोटाने फिरवलं तर मोकळं फिरतं, नळी उलटी केली की बाहेर पडतं. तिकडे या परीक्षेला आवाजावरूनच प्लंक टेस्ट म्हणतात. काही काडतुसं टुक झाली, काही वरच तरंगली. लांबी मोजली तर त्या गोळीसाठी तक्त्यात 27.18 मिमी दिलेली, याच्याकडे 26.78 पासून 27.71 पर्यंत सगळं. बऱ्याच पुंगळ्यांच्या तोंडाशी लाल कोटिंगची बारीक कातरण गोळा झालेली. काही पुंगळ्या एका बाजूने फुगलेल्या, म्हणजे आत गोळी तिरकी.

लांब काडतूस अडकतं आणि ते लगेच कळतं. खरी काळजी आखूड काडतुसाची. गोळी 0.4 मिमी जास्त खोल गेली तर आतली सुमारे 0.026 मिलिलिटर जागा जाते. ऐकायला काहीच नाही. पण या पुंगळीची एकूण पोकळीच एक मिलिलिटरपेक्षा कमी, त्यातही अर्धीअधिक जागा गोळीच्या बुडाने आणि पावडरीने खाल्लेली. जागा कमी झाली की दाब चढतो, आणि सरळ रेषेत चढत नाही. या काडतुसाची अमेरिकी दाब-मर्यादा 35,000 पीएसआय आहे. तिच्या आसपास चढउतार करत बसायचं नसतं.

रविवारी सकाळी आठला माझा फोन वाजला. तिकडे शनिवारचे रात्रीचे साडेआठ.

"मामा, गोळी बसवायची डाय खराब निघालीय. लॉक-नट ढिला असणार. नवी मागवू का?"

डिसेंबर होता, मी अक्काकडे जालन्याला हुरड्याला गेलेलो. अक्का म्हणजे भाच्याची आई. ती चुलीपाशी होती, फोन स्पीकरवर. गोळी हा शब्द ऐकून ती तिथूनच म्हणाली, "काहून रे, लेकराला बंदुकीचे धडे देऊन राह्यला का?" मी म्हटलं, अक्का, डायचं बोलतोय. तिचं समाधान झालं नाही, पण गप्प बसली.

पर्याय

भाच्याच्या मनात नवी डाय मागवायची पक्की होती, ऑनलाइन टोपलीत टाकूनही झालेली. दुसरा पर्याय जुन्या गोळीवर परत जायचा, मग दोन हजार नग पडून राहणार. तिसरा त्याने भीतभीतच सांगितला. एक मित्र आठवड्याने संभाजीनगरला येणार होता. त्याच्या बॅगेत दोन डमी काडतुसं पाठवायची, प्रायमर नाही, पावडर नाही, म्हणजे मी ती ओळखीच्या टूलरूममधल्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर, म्हणजे वस्तूची सावली मोठी करून मापं दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून बघेन.

हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा निर्णय होता. मी त्याला सांगितलं, रिकामी पुंगळीसुद्धा विमानतळावर सापडली तर तुझा मित्र घरी जेवायला पोचणार नाही. डमी आहे हे आपल्याला माहीत, क्ष-किरण यंत्राला नाही आणि कायद्याला तर त्याच्याशी देणंघेणंच नाही. विषय संपला.

चौथा पर्याय माझा. काहीही मागवायचं नाही, काहीही फिरवायचं नाही. आधी तुझ्या नोंदींच्या वहीची पानं पाठव.

वहीतच निम्मं निदान होतं. अठरा काडतुसांच्या नोंदीत अकरा वेळा स्क्रूला, म्हणजे गोळी किती खोल बसेल ते ठरवणाऱ्या डायवरच्या स्क्रूला, हात. '27.44 आलं, स्क्रू खाली. 26.95 आलं, थोडा वर. 27.39, परत खाली.' हे पान मी वाळूजला शेकडो वेळा पाहिलंय, फक्त अक्षर वेगळं. नवा ऑपरेटर दर नगाचं माप घेतो आणि दर मापावर मशीन हलवतो. यंत्राचा स्वतःचा जो थोडाफार चळ असतो त्याच्यात याच्या हाताचा चळ मिसळतो. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचा नरसाळ्यातून गोटी सोडायचा प्रयोग नेमका हेच दाखवतो: दर गोटी जिथे पडली त्याच्या उलट बाजूला नरसाळं सरकवत गेलं, तर पसारा कमी व्हायचा सोडून साधारण 1.4 पट होतो. भाच्याने इंजिनिअरिंगला हे वाचलेलं होतं. गॅरेजमध्ये आठवलं नाही, एवढंच.

तो म्हणाला, "पण मामा, माप चुकलंय हे दिसत असताना हात बांधून कसं बसायचं?" प्रश्न चुकीचा नाही. भरलेल्या काडतुसांवर हात बांधून बसू नये. म्हणून पुढचे सगळे प्रयोग डमीवर करायचे ठरवले, पावडरीचा डबा झाकण लावून गॅरेजच्या बाहेर.

काय केलं

आधी मोजणारा तपासला. एकच काडतूस दहा वेळा मोज म्हटलं. दहा मापांत 0.06 मिमीचा फरक. व्हर्निअर तिरका धरत होता आणि जबडे मिटून शून्य बघत नव्हता. ते सुधारल्यावर फरक 0.02 वर आला. यात काही मोठं नव्हतं, पण हे न करता पुढे गेलो असतो तर प्रत्येक आकड्यावर वाद झाला असता.

मग स्क्रूला नटाने आवळून, वर कागदी टेप मारून वीस डमी केली. प्रत्येकाला क्रमांक, लांबी, आणि पुंगळीच्या बुडावरचा कंपनीचा छाप. पसारा 27.02 ते 27.46. म्हणजे 0.93 वरून 0.44. काहीच दुरुस्त न करता निम्मा दोष गेला. तो दोष भाच्याच्या हातात होता.

वीस आकडे ओळीने लावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. शेवटची तीन काडतुसं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट आखूड होती. भाचा म्हणाला योगायोग. आणखी वीस करायला लावली. पुन्हा शेवटची तीनच आखूड.

ज्याने प्रोग्रेसिव्ह टूल चालवलंय त्याला हे ऐकूनच कळेल. पहिल्या ठाण्यावर पुंगळी दाबून मापात आणायला सगळ्यात जास्त जोर लागतो. तो जोर प्लेटच्या एका बाजूला पडतो, प्लेट किंचित कलते, प्रेसची चौकटही केसभर ताणते, आणि चौथ्या ठाण्यावरची गोळी थोडी कमी खोल बसते. शेवटच्या तिघांच्या वेळी पहिलं ठाणं रिकामं असतं. जोर नाही, कल नाही, म्हणून गोळी पूर्ण खोल. भाच्याने स्क्रूचं माप लावलं होतं ते प्लेटवर एकच पुंगळी ठेवून. म्हणजे ज्या परिस्थितीत यंत्र कधी चालणारच नव्हतं, त्या परिस्थितीत सेटिंग. आमच्याकडे स्ट्रिप पूर्ण भरल्याशिवाय फर्स्ट पीस पास करत नाहीत, त्याचं कारण हेच. ठरलं की इथून पुढे माप लावायचं ते पाचही ठाणी भरलेली असताना, आणि शेवटची तीन वेगळी काढून स्वतंत्र मोजायची.

तिरक्या गोळीचं कोडं मात्र फोनवर सुटेना. आत डायमध्ये काय होतंय ते दिसत नाही, आणि नमुना मागवायचा मार्ग मीच बंद केलेला. मग ब्लू मारायचं सुचलं. दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात हे बघायला टूलरूममध्ये एकावर निळी शाई चोपडतात, दोन्ही दाबतात आणि शाई कुठे पुसली ते बघतात. भाच्याकडे शाई कुठली, मुलीच्या दप्तरातला काळा मार्कर होता. पाच गोळ्यांची नाकं काळी केली, सुकू दिली, बसवली, आणि हातोडीच्या पुलरने परत बाहेर काढून जवळून फोटो पाठवले.

गोळीचं नाक चपटं, तेव्हा दाबणाऱ्या दांडीने मधली चकती घासायला हवी होती. चकती काळीकुट्ट, जशीच्या तशी. घासलं होतं ते फक्त चकतीच्या कडेला, तेही पूर्ण वर्तुळात नाही, एका बाजूला चंद्रकोरीइतकं. पाचही गोळ्यांवर चंद्रकोर. दांडीचं टोक वाटीसारखं पोकळ होतं, गोल नाकाच्या गोळीसाठीचं. गोल नाक त्या वाटीत नीट बसायचं. चपट्या नाकाची कड वाटीच्या उतारावर कुठेतरी टेकायची आणि गोळी कलूनच आत जायची. त्याच्या डायमध्ये ही दांडी उलटी लावता येते, दुसरं टोक सपाट असतं. डायबरोबर आलेल्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. तो कागद भाच्याने डायच्या डब्यात, फोमच्या खाली जपून ठेवलेला.

दांडी काढल्यावर वाटीत लाल पापडी सापडली. कोटिंगची कातरण आणि मेण दाबून दाबून दगड झालेली, दोन कागदांइतकी जाड. टाचणीने उकरून काढावी लागली. वाटीत अशी पापडी जमत गेली की दर काडतूस आधीच्यापेक्षा थोडं आखूड होत जातं. भाचा स्क्रू सारखा वरखाली करत असल्याने ही घसरण वहीत कुठे दिसलीच नाही.

दांडी उलटी केली, माप भरल्या प्लेटवर लावलं. पसारा 0.21 वर आला, फुगवटे गेले. मी खूश, आणि इथेच माझी चूक झाली.

अंगठ्याची परीक्षा बाकी होती. डमी काडतूस नाकावर उभं धरून लाकडी टेबलावर अंगठ्याने जोरात दाबायचं आणि परत मोजायचं. पिस्तूल काडतूस आत ओढताना त्याचं नाक उतारावर आपटतं. तेव्हा गोळी आत सरकली तर आखूड काडतूस नळीतच तयार होतं, आणि तुमच्या आधीच्या मोजमापांना काही अर्थ उरत नाही. दहापैकी तीन गोळ्या सरकल्या.

मी म्हणालो, क्रिंप आवळ. धरून ठेवायला पकड घट्ट कर, साधी गोष्ट. डायच्या अंगावर इंचाला 14 आटे असतात, पूर्ण फेऱ्याला 1.81 मिमी. त्याने आठवा हिस्सा फिरवला. तोंडाची बाहेरची जाडी 9.62 मिमीवरून 9.50 वर आली. आता दहापैकी सहा सरकल्या.

भाचा म्हणाला, "मामा, उलटं झालं." एक गोळी ओढून काढली. कमरेला सगळीकडून खोल चर, कोटिंग कापून आतलं शिसं चकाकतंय. पितळ दाबलं की दाब निघताच थोडं परत येतं. शिसं दाबलं की दबून राहतं. दोन्ही एकदम आवळली की शिसं आत गेलेलं, पितळ मागे फिरलेलं, आणि मध्ये फट. पकड क्रिंपची नसतेच. पुंगळीची भिंत गोळीच्या बुडाला सगळीकडून जे आवळून धरते ती पकड. 9 मिमीत क्रिंपचं काम फाकवलेलं तोंड परत सरळ करणं, तेवढंच. हे काडतूस नळीत तोंडाच्या कडेवरच टेकून थांबतं, म्हणून तोंड आत दुमडायचीही सोय नाही. बत्तीस वर्षांत मी किती बुश प्रेस-फिट केले, म्हणजे भोकात दाबून घट्ट बसवले असतील, आणि पितळ परत फिरतं हे मला भाच्याच्या गॅरेजमधून कळावं! क्रिंप परत 9.62 वर.

मग पकड ढिली कशाने? इथे आम्ही दोघं अडकलो. तासभर तेच ते बोलणं चाललेलं. अक्का ताटात भाकरी वाढता वाढता वैतागून म्हणाली, "पाळी नीट घातली नाही तं तिफण काय करीन? जेवा आधी." तिला बहुधा फोन बंद करायचा होता. पण पाळी म्हटल्यावर माझं लक्ष पेरणीच्या आधीच्या मशागतीकडे, म्हणजे दुसऱ्या ठाण्याकडे गेलं. तोंड फाकवण्याचं माप आम्ही पाहिलंच नव्हतं.

ते जुन्या गोळीचंच होतं. फाकलेल्या तोंडाची बाहेरची जाडी 9.70. एक थाऊ जाड, मऊ शिशाची गोळी त्यात शिरताना तोंडाची धार तिला सोलत होती. त्यात भर म्हणजे त्याची गोळी बसवायची डाय बसवतानाच थोडं क्रिंपही करायची, म्हणजे गोळी खाली जात असतानाच तोंड मिटायला लागायचं. सोललेली गोळी बारीक होते. बारीक गोळीला भिंत काय धरणार? तोंडाशी जमलेली ती लाल कातरण म्हणजे हरवलेली पकडच होती. आम्ही तिला पहिल्या दिवसापासून कचरा समजून फुंकरीने उडवत होतो.

तोंड 9.88 पर्यंत फाकवलं. गोळी हाताने ठेवली की पडत नाही, सरळ उभी राहते, इतपतच. बसवायची डाय एक पूर्ण फेरा वर घेतली, दांडी तेवढीच खाली घेतली, म्हणजे ती आता फक्त बसवते. क्रिंप पाचव्या ठाण्यावर वेगळ्या डायने. तोंड जास्त उघडल्यावर पकड घट्ट झाली हे भाच्याला आजही थोडं जादूसारखं वाटतं.

निष्पत्ती

शेवटच्या वीस डमींचा पसारा 27.11 ते 27.27. कातरण नाही. अंगठ्याच्या परीक्षेत एकच सरकली. तिच्या बुडावरचा छाप पाहिला तर आधीच्या तीन सरकलेल्यांपैकी दोघींवरही तोच. त्या छापाच्या पुंगळ्या वेगळ्या काढून तोंड मोजलं, भिंत बाकीच्यांपेक्षा पातळ. त्या भंगाराच्या डब्यात गेल्या. मिसळलेल्या पुंगळ्या वापरायच्या तर निदान छापाने निवडून घ्याव्यात. नेमक्या किती छापांचा त्रास होतो हे ज्याचं त्याने आपल्या ढिगात बघावं.

राहिली ती पहिली 240 काडतुसं. इथे भाच्याशी खरा वाद झाला. त्याचं म्हणणं, नळीत टाकून बघतो, टुक होतील ती उडवतो. मी ऐकलं नाही. टुक म्हणजे काडतूस फार लांब किंवा फार जाड नाही, एवढंच कळतं. आखूड काडतूस सगळ्यात छान टुक करतं. गो गेज (जो आत जायलाच हवा) आत गेला म्हणून नोगो (जो जायला नको) बघायचाच नाही, असं होत नाही. अडकणारं काडतूस तुमची दुपार खराब करतं, आखूड काडतूस हात खराब करू शकतं.

 त्या दिवशी क्लबात नेलेली या 240 मधली नव्हेत, वेगळ्या डब्यातली होती, ती भाच्याने नंतर तशीच बाजूला काढली. 240 चा हिशोब असा. सगळी मोजली, नळीत टाकली, अंगठ्याने दाबून परत मोजली. 137 सगळ्या परीक्षांत बसली. 62 आखूड. 41 लांब. लांब असलेली परत प्रेसमध्ये घालून खोल बसवावीत असं दोघांनाही वाटलं. तीन करून पाहिली. मिटलेल्या तोंडातून गोळी आणखी खाली ढकलली की कोटिंग पुन्हा सोललं जातं. तेव्हा तीही खोलायच्या यादीत. एकूण 103.

खोलायचं म्हणजे प्लास्टिकच्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवून लाकडावर आपटायचं, दोन-तीन ठोक्यांत गोळी आणि पावडर हातोडीच्या पोटात. डोळ्यांवर चष्मा लावून. पावडर त्याच डब्यातली आहे याची खात्री असल्याने ती परत गेली, नसती तर टाकून दिली असती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक 240 नग एका बैठकीत भरणं. गोळी बदलली म्हणजे टूल बदललं. नव्या टूलवर कोणी पूर्ण शिफ्ट चालवून मग माप घेत नाही. पाच डमी, मग दहा भरलेली, ती क्लबात उडवून बघायची, मग पुढचं.

दुसरं, नव्या गोळीची लांबी आपल्या नळीत किती चालते ते आधीच बघायला हवं होतं. डमीत गोळी मुद्दाम उंच ठेवायची, थोडी थोडी खोल करत नळीत टाकत राहायचं, मोकळी फिरायला लागली की ती त्या नळीची वरची हद्द. भाच्याच्या नळीत ती 27.55 निघाली. म्हणजे तक्त्याच्या 27.18 ला वर भरपूर जागा होती आणि अडकणारी काडतुसं खरं तर फार दूर भरकटलेली होती. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर डायवर संशयच आला नसता.

माझ्या बाजूने सांगायचं तर क्रिंप आवळायला सांगताना मी एक नग खोलून बघायला हवा होता. एक गोळी ओढून काढायला दोन मिनिटं लागतात. मी माझ्या अनुभवावर गेलो, आणि माझा अनुभव पोलादाच्या बुशचा होता.

भाच्याने आता प्रेसच्या बाजूला सेटिंग-कार्ड चिकटवलंय, गोळीनिहाय एक: दांडीचं टोक कोणतं, फाकलेलं तोंड किती, मिटलेलं तोंड किती, लांबी किती, दर पन्नास नगांनी दांडी काढून पुसायची. स्क्रूला हात लावायचा तो सलग पाच नगांची सरासरी सरकली तरच, एका नगावरून नाही.

अक्काने तिची एक अट घातली, ती सगळ्यात आधी पाळली गेली. शिशाचं काम चाललेलं असताना नातीने गॅरेजमध्ये यायचं नाही, आणि याने साबणाने हात धुऊन, कपडे बदलूनच तिला उचलायचं. अक्काला शिशाचं काही वाचून माहीत नाही. तिला ते काम आवडत नाही म्हणून अट घातली, पण अट बरोबर आहे.

103 पैकी 65 काडतुसं खोलून झाली. 38 अजून डब्यात आहेत, हातोडी आपटून खांदा दुखतो म्हणतो. डबा त्याने वरच्या फळीवर कुलपात ठेवलाय आणि झाकणावर मुलीच्या त्याच काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय, 'वापरू नये'. तिथे मराठी वाचणारा तो एकटाच.